कॉलर लागली की शीर्षक बदलतं

निजाम असफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ मध्ये जालन्यात गढी बांधली. चौकोनी आखणी, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज. तोच मस्तगड. आज मात्र मस्तगड म्हटलं की गढीपेक्षा तिच्या भोवतालची वस्ती आणि वर्दळच आधी डोळ्यांपुढे येते. इथल्या दुकानदाराला ‘सीमाशुल्क’ हा शब्द कागदी वाटेल, पण मालाच्या येण्याजाण्यावरचा कर त्याच्या आजोबा-पणजोबांना चांगला ठाऊक होता. निजामाच्या राज्यात त्या खात्याला करोडगिरी म्हणत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि पुढे करोडगिरी संपली. नगरपालिकेची जकात उरली होती, तीही राज्यातल्या नगरपालिकांच्या हद्दीतून १९९९ मध्ये उठली.

आता कर वेगळ्या वाटेने येऊ घातलाय. समुद्रापासून चारेकशे किलोमीटरवरच्या या शहराजवळ ड्रायपोर्टचं भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झालं. न्हावा-शेवा बंदराचं एक दार मराठवाड्यात उघडावं, ही त्यामागची कल्पना. जालना म्हणजे सळयांचं आणि बियाण्यांचं गाव, त्यामुळे ड्रायपोर्टची चर्चा भंगार, पोलाद आणि शेतमालाभोवतीच फिरते. कपड्यांचं नाव कोणी काढत नाही. खरं तर सीमाशुल्काच्या दरपत्रकात कीस काढण्यासारखं प्रकरण हवं असेल, तर ते साध्या टी-शर्टाचं आहे.

ते प्रकरण दोन बाजूंनी मांडता यावं म्हणून इथे एक मामा आणि त्यांची भाची उभी केली आहे. दोघंही काल्पनिक. मामांचं मस्तगड भागात रेडिमेड कपड्यांचं दुकान. भाची न्हावा-शेव्याला एका कस्टम ब्रोकरकडे कामाला, परीक्षा देऊन जी-कार्ड मिळवलेली. मामांच्या डोक्यात सध्या एक बेत घोळतोय: गावातल्या चार दुकानदारांनी मिळून बाहेर देशातून थेट माल मागवायचा, मुंबईच्या होलसेलवाल्याला मधून काढून टाकायचं. काउंटरवर नमुन्याचे पाच-सहा नग पसरलेत.

“यात काय कळायचंय?” मामा म्हणाले. “हा राऊंड नेक टी-शर्ट, हा कॉलर टी-शर्ट, ही हुडी. गिऱ्हाईक असंच मागतंय, मी असंच विकतो. सरकारने पण असंच लिहावं.”

“तुमचा कॉलर टी-शर्ट सरकारच्या लेखी टी-शर्ट नाहीच, मामा.”

“मग काय साडीय का?”

“शर्ट आहे. होजिअरीचा पुरुषांचा शर्ट, शीर्षक ६१०५. टी-शर्ट ६१०९ मध्ये जातो. गळ्याला कॉलर नाही, बटण नाही, गळ्याची चीर नाही, अंगाला बेताचा बसणारा हलका कपडा, तो टी-शर्ट. कॉलर आणि दोन बटणांची पट्टी लागली की शीर्षक बदलतं. आणि ही हुडी तिसऱ्याच ठिकाणी. आतून ब्रश केलेलं फ्लीस आहे, खाली रिबचा पट्टा आहे, म्हणजे ६११०, स्वेटर-पुलओव्हरच्या पंगतीत.”

हे आकडे दिल्लीत बसून कोणी मनाने ठरवलेले नाहीत. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ नावाची पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे आणि दोनशेहून जास्त देश आणि प्रदेश तिच्यावर चालतात. पहिले सहा अंक सगळीकडे तेच (त्यांतले पहिले चार म्हणजे शीर्षक), त्यापुढचे ज्याच्या त्याच्या सोयीचे. भारतात एकूण आठ अंक लिहितात. कपड्यांची यात दोन मोठी घरं आहेत: प्रकरण ६१ होजिअरीचं, म्हणजे फासात फास गुंतवून केलेल्या निटेड आणि क्रोशाच्या कपड्यांचं. प्रकरण ६२ मागावरच्या कापडातून शिवलेल्या कपड्यांचं. मालेगाव, इचलकरंजी, भिवंडीच्या यंत्रमागांवरचं कापड अंगावर आलं तर ६२, तिरुपूरची बनियन ६१.

मामांना हा फरक ठाऊक नाही असं नाही. कापलेली कड आपोआप गुंडाळली की सिंगल जर्सी, एक धागा सुटला की शिडीसारखी उसवत जाते ती होजिअरी, हे ते बोटांनीच सांगतात. त्यांची हरकत पुढच्या कीस काढण्याला होती.

“दोन घरं कबूल,” ते म्हणाले. “निटेड एकीकडे, मागाचं दुसरीकडे. पण निटेडच्या घरात पुन्हा सतरा खोल्या कशाला? पैसे तर सगळ्यांवर सारखेच लागायलेत ना?”

भाची इथे थोडी थांबली, कारण प्रश्न वाजवी होता. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने दरपत्रकातल्या कापड आणि कपड्यांच्या ३२८ ओळींवरचं शुल्क दहावरून वीस टक्के केलं. त्याच्या आधीच्या महिन्यात पन्नासहून जास्त ओळींवर तेच झालं होतं. तेव्हापासून होजिअरीच्या कपड्यांवर साधारण वीस टक्के हाच आकडा दिसतो. मग टी-शर्ट म्हणा की शर्ट, फरक काय?

“फरक शेपटात आहे,” ती म्हणाली. “कित्येक ओळींत नुसते टक्के नाहीत. ‘इतके टक्के किंवा नगामागे इतके रुपये, यांपैकी जे जास्त’ असं लिहिलंय. आणि तो नगामागचा आकडा शीर्षकाप्रमाणे बदलतो.”

तिने बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. उदाहरणापुरता नगामागचा आकडा ४५ रुपये धरला. चारशे रुपये किमतीच्या नगावर वीस टक्क्यांनी ८० रुपये होतात, ४५ चा प्रश्नच येत नाही. त्या ८० वर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ८ रुपये. झाले ४८८. त्यावर पाच टक्के आयजीएसटी, कारण सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या नगाला पाच टक्के आहे. ते २४ रुपये ४० पैसे. नग ५१२ रुपये ४० पैशांना पडला, त्यातला आयजीएसटी पुढे क्रेडिट म्हणून सुटतो.

“आता दीडशेचा नग घ्या. वीस टक्क्यांनी तीस रुपये. पण नगामागे ४५ आहेत, म्हणून ४५ द्यायचे. म्हणजे तीस टक्के. शंभरचा नग असेल तर पंचेचाळीस टक्के.”

मामांनी कागद स्वतःकडे ओढला. “म्हणजे पुण्या-मुंबईच्या मॉलमधल्या भारी शर्टाला वीस टक्के, आणि माझ्या गिऱ्हाइकाच्या स्वस्त शर्टाला पंचेचाळीस? हा कुठला न्याय, बाई?”

“न्याय नाही, बंदोबस्त आहे. खोट्या बिलाचा. चारशेचा माल शंभर रुपये दाखवून आणला तर टक्केवारीत सरकारचं नुकसान, इथल्या कारखान्याचंही. नगामागचा आकडा खोटं बिल करून कमी होत नाही. नग मोजले की झालं.”

“खोटं बिल करणारा एक, भुर्दंड सगळ्या स्वस्त मालाला.”

या मुद्द्यावर भाचीकडे पुरतं उत्तर नव्हतं. होजिअरी कापडाच्या बाबतीत तर तिच्या बाजूचा पुरावाही मामांच्या कामाला येतो. मार्च २०२४ मध्ये परदेशी व्यापार महासंचालनालयाने कृत्रिम धाग्यांच्या निटेड कापडाच्या पाच ओळींवर किलोला साडेतीन डॉलर अशी किमान आयात किंमत लावली. त्याच वर्षी पुढे आणखी आठ ओळी त्यात आणाव्या लागल्या. पाच दारांना कुलूप घातलं की शेजारच्या दारांकडे बघावंच लागतं, कारण कापड तेच आणि नाव बदलणं सोपं. मग १ फेब्रुवारी २०२५ चा अर्थसंकल्प आला. त्याच्या भाषणात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी औद्योगिक मालावरचे शुल्काचे टप्पे कमी करून शून्यासकट आठच ठेवल्याचं सांगितलं, आणि निटेड कापडाच्या नऊ ओळींवर ‘२० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांपैकी जे जास्त’ असा दर बसवला. सोपेपणा आणि गुंता एकाच दिवशी.

“बघ,” मामा म्हणाले, “सरकारलाच पटतंय की टप्पे कमी हवेत. मी तर म्हणतो एकच दर करा. निटेड असो, मागाचं असो, कॉलर असो नसो. वीस तर वीस. तुझं ते दुर्बीण लावून टाके मोजणं तरी बंद होईल.”

टाके मोजण्याचा प्रकार खरा आहे, आणि तो भाचीने तिथेच करून दाखवला. प्रकरण ६१ ची चौथी टीप सांगते की होजिअरीचा शर्ट किंवा ब्लाउज ६१०५-६१०६ मध्ये राहायचा तर त्याला कमरेखाली खिसे नकोत, खालच्या कडेला आवळणारा रिबचा पट्टा किंवा दोरी नको, आणि विणीचे टाके दोन्ही दिशांनी सेंटिमीटरमागे सरासरी दहापेक्षा कमी नकोत. मोजायचे किमान दहा बाय दहा सेंटिमीटरच्या तुकड्यावर. तिने पर्समधून घडीचं छोटं भिंग काढलं आणि कॉलरवाल्या नगाच्या पाठीवर ठेवलं. आधी उभ्या रांगा, मग आडव्या ओळी. पिकेची वीण बारीक होती, दोन्हीकडे दहाच्या वर गेली. मग बाजूचा जाड सुताचा, कॉलरचाच, पण हिवाळ्यासाठी केलेला नग घेतला. तिथे सेंटिमीटरमध्ये सहाच्या पुढे रांगा भरेनात.

“हा शर्ट नाही. कॉलर असली तरी नाही. हा ६११० मध्ये, स्वेटरच्या ओळीत.”

“कॉलर तीच, बटणं तीच, शिवणारा तोच.”

“वीण वेगळी.”

मामांनी दोन्ही नग हातात तोलले. वजनातला फरक त्यांना भिंगाशिवाय कळत होता. “जाड आहे ते दिसतंय की. त्याला दहा टाक्यांचं कलम कशाला?”

“कारण ‘जाड’ कुणाच्या हाताला? तुमच्या, की न्हावा-शेव्याच्या तपासनिसाच्या? आणि आता तर तुमचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, न्हावा-शेव्याचा माणूसच बघेल असंही नाही. ऑक्टोबर २०२० पासून देशभर फेसलेस असेसमेंट आहे. माल न्हावा-शेव्याला उतरणार, कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासणार. त्याच्या हातात कपडा नाही. त्याला ‘जाड’ सांगून चालत नाही, आकडा सांगावा लागतो.”

हा तिचा सर्वांत भक्कम मुद्दा होता. वर्गीकरणाच्या टिपा वाचताना त्या हास्यास्पद वाटतात, कारण त्या दिसणाऱ्या वस्तूला न दिसणाऱ्या माणसासाठी शब्दांत बांधतात. बाळाचे कपडे म्हणजे कोणते? नियम म्हणतो, उंची ८६ सेंटिमीटरपर्यंतच्या लेकरांचे, शीर्षक ६१११. वय लिहिलं असतं तर प्रत्येक देशाच्या बाळाची उंची वेगळी निघाली असती. झबलं आणि मोजे त्यात येतात. पण होजिअरीचं टोपरं सुटं मागवलं तर ते ६५०५ मध्ये जातं, कारण डोक्यावरच्या वस्तूंचं प्रकरणच निराळं. समोरून बंद होणाऱ्या कपड्यात डावी बाजू उजवीवर आली तर पुरुषांचा, उजवी डावीवर आली तर बायकांचा, कापणीवरून उघड काही वेगळं दिसत नसेल तर. आणि कोणाचा ते ठरतच नसेल, तर बायकांच्या शीर्षकात.

“युनिसेक्स म्हणून विकायलेत आजकाल सगळे,” मामा म्हणाले.

“मग सगळे बायकांचे.”

सुताचंही तसंच. साठ टक्के कापूस आणि चाळीस टक्के पॉलिएस्टर असेल तर वजनाने जे जास्त ते खरं, म्हणजे कापूस. बरोबर निम्मं-निम्मं असेल तर? आकड्यांच्या क्रमात जे शेवटी येतं ते धरायचं. कापूस प्रकरण ५२ मध्ये, कृत्रिम धागे ५४-५५ मध्ये, म्हणून पन्नास-पन्नासचा टी-शर्ट कृत्रिम धाग्याचा. लेबलवर मोठ्या अक्षरात ‘कॉटन रिच’ लिहिलं असलं तरी. शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि कंटेनर तोवर यार्डात भाडं खात उभा राहतो.

मामांच्या बाजूने एक जुनी आणि वजनदार परंपरा बोलते, ती बाजाराच्या भाषेची. भारतातल्या न्यायालयांनी वारंवार म्हटलंय की करकायद्यात शब्दाची व्याख्या दिली नसेल, तर तो शब्द व्यापारात ज्या अर्थाने चालतो तोच धरायचा. १९७८ मध्ये पोरिट्स अँड स्पेन्सर या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे कागद गिरणीत वापरल्या जाणाऱ्या ड्रायर फेल्टचा प्रश्न होता. तो यंत्राचा भाग म्हणून वापरतात, मग त्याला कापड म्हणायचं का? न्यायालयाने म्हटलं, विणून तयार झालंय, व्यापारात कापडच आहे, वापर कुठेही होवो. मामा हे ऐकून खुलले.

“मग माझ्या बाजारात याला टी-शर्ट म्हणतात. झालं की!”

“व्याख्या नसेल तर, मामा. इथे टीप आहे. टीप आली की बाजार मागे बसतो.”

परदेशातही हेच भांडण चालतं, आणि तिथे दोन्ही बाजू जिंकताना दिसतात. ‘स्नगी’ नावाचं बाह्यांचं पांघरूण काही वर्षांपूर्वी अमेरिकेत धो-धो विकलं गेलं. पॉलिएस्टरच्या निटेड फ्लीसचं, पुढून अंगावर ओढून घ्यायचं, मागे उघडं. तिथल्या सीमाशुल्क खात्याने बाह्या बघितल्या आणि त्याला ६११४ मध्ये कपडा ठरवलं, शुल्क १४.९ टक्के. आयातदार म्हणाला हे ब्लँकेट आहे, ६३०१, शुल्क ८.५ टक्के. २०१७ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने आयातदाराचं ऐकलं. बाह्या आहेत त्या टीव्हीचा रिमोट धरायला, वस्तू मात्र पांघरुणाचीच. ६.४ टक्क्यांसाठी न्यायाधीशांना पाठ्यपुस्तकासारखं समजावून सांगावं लागलं की माणूस ही वस्तू घालतो की पांघरतो.

उलटी बाजूही आहे. दर ठाऊक असले की डिझायनर त्याप्रमाणे कपडा कापतो. कोलंबिया ही अमेरिकेची मोठी कंपनी बायकांच्या काही शर्टांना कमरेच्या खाली इवलासा खिसा लावते, कारण त्या खिशामुळे शीर्षक बदलतं आणि शुल्क उतरतं. तिथे हे कायदेशीर आहे, त्याला ‘टॅरिफ इंजिनिअरिंग’ म्हणतात, आणि तो खिसा कुणी वापरलाच पाहिजे अशी अट नाही.

“हेच तर सांगतो मी,” मामा म्हणाले. “खिसा कापडासाठी नाही, कागदासाठी. एकच दर असता तर असला बिनकामाचा खिसा कुणी शिवला असता?”

“एकच दर केला तरी शीर्षक लागेलच. ढाक्याचा माल आणायचाय ना तुम्हाला?”

बेताचा खरा कणा इथे होता. बांगलादेशच्या कपड्यांवर सध्या मूळ सीमाशुल्क शून्य आहे. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा ४६ ओळी करमुक्त झाल्या, आणि त्याच वर्षाअखेर साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली अल्पविकसित देशांसाठी वगळलेल्या वस्तूंची यादी फक्त २५ वर आणली गेली. दारू-तंबाखूसारख्या वस्तू त्यात राहिल्या, कपडे सुटले. मामांचा हिशेब साधा होता: शून्यावर कुठलंही शीर्षक लावा, शून्यच.

“शून्य फुकट मिळत नाही,” भाची म्हणाली. “माल खरोखर बांगलादेशात बनलाय हे सिद्ध करायचं असतं. किमान तीस टक्के मूल्य तिथलं हवं, आणि बाहेरून आलेल्या कच्च्या मालाचं शीर्षक तयार मालात बदललेलं हवं. चीनचं निटेड कापड प्रकरण ६० मध्ये, त्याचा शर्ट ६१०५ मध्ये. बदललं. पण ते दाखवायचं कशाने? शीर्षकानेच. मूळ दाखल्यावर ६१०९ आणि तुमच्या बिल ऑफ एंट्रीवर ६१०५ असेल तर अधिकारी पहिला प्रश्न तिथेच विचारणार.”

सप्टेंबर २०२० पासून हे विचारण्याचे अधिकार वाढलेत. नव्या नियमांप्रमाणे आयातदाराने निर्यातदाराकडून माहिती घेऊन ती स्वतःजवळ ठेवायची असते, नुसता दाखला पुढे करून भागत नाही. जालन्यातल्या दुकानदाराने ढाक्याच्या कारखान्यात सूत कुठून आलं याचा कागद जपायचा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

त्यात वाटही बदललीय. बांगलादेशी तयार कपडे बहुतांशी पेट्रापोलसारख्या नाक्यांवरून ट्रकने येत. १७ मे २०२५ च्या अधिसूचनेने ती वाट बंद झाली. आता हे कपडे दोनच बंदरांतून आत येऊ शकतात, कोलकाता आणि न्हावा-शेवा. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याला त्यामुळे न्हावा-शेव्याचं दार जवळचं झालं, समृद्धी महामार्गाने जालन्यापर्यंतचा प्रवासही आखूड झाला, पण समुद्राचे दिवस वाढले आणि हंगामी माल पोचता पोचता हंगाम सरण्याची धास्ती आली. वर आणखी एक तारीख: संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये ठरवल्याप्रमाणे बांगलादेश २४ नोव्हेंबर २०२६ ला अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. साफ्टातलं शून्य त्या यादीला बांधलेलं. शून्य गेलं की टक्के, नगामागचे रुपये आणि शीर्षकाचा वाद, सगळं एकदम मामांच्या काउंटरवर येऊन बसणार.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “आणि चुकलं तर?”

“चुकलं म्हणजे?”

“म्हणजे तू म्हणालीस ६१०५, मी लिहिलं ६१०५. माल सुटला, विकला, पैसे वाटून झाले. दीड वर्षाने कुणीतरी म्हणालं, ६११०. मग?”

२०११ पासून भारतात सेल्फ असेसमेंट आहे. शीर्षक, दर, किंमत, सगळं आयातदार स्वतः लिहितो. अधिकारी हवं तर तपासतो, आणि जोखीम कमी वाटली तर न उघडताच सोडतो. माल लवकर सुटतो, हा फायदा खराच. पण सुटला म्हणजे पटला असं नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ खाली दोन वर्षांपर्यंत फरकाची मागणी येऊ शकते, आणि मुद्दाम लपवल्याचं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत. वर्षाला पंधरा टक्के व्याज. लपवल्याचा ठपका टिकला तर फरकाइतकाच दंड.

भाचीने दोन बचाव सांगितले. एक, सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा नॉर्दर्न प्लास्टिकचा निकाल. मालाचं वर्णन खरं दिलं असेल आणि फक्त शीर्षक किंवा सवलत प्रामाणिक समजुतीने मागितली असेल, तर त्याला खोटी माहिती म्हणता येत नाही. “म्हणून ‘टी-शर्ट’ एवढंच लिहायचं नाही. लिहायचं: पुरुषांचा, निटेड, कॉलर आणि गळपट्टीसह, इतके टक्के कापूस, खाली रिब नाही, सेंटिमीटरला इतके टाके. मग शीर्षक चुकलं तर फरक भरावा लागेल, पण चोर कुणी म्हणणार नाही.” दुसरा बचाव अग्रिम निर्णयाचा. २०२१ पासून मुंबई आणि दिल्लीत त्यासाठी प्राधिकरणं आहेत. माल मागवण्याआधी नमुन्यासकट विचारायचं, उत्तर तीन महिन्यांत यायचं असतं आणि तीन वर्षं चालतं.

“तीन महिन्यांत दिवाळी निघून जाती,” मामा म्हणाले. “आणि प्रत्येक डिझाइनला विचारत बसू का? मोठ्या ब्रँडला परवडतं, त्याचा वकील पगारावर असतो. आमच्या चौघांचा माल अर्धा कंटेनर.”

“म्हणूनच खोल्या हव्यात, मामा. नियम जितका नेमका, तितकं वकिलाचं काम कमी. दहा टाके म्हणजे दहा टाके, ते तुम्ही पण मोजू शकता.”

“मोजीन मी. पण मी दहा मोजले आणि साहेबाने नऊ, तर खरं कुणाचं?”

“प्रयोगशाळेचं.”

“आणि तोवर भाडं?”

“तुमचं.”

मामांनी हसून मान हलवली. त्यांच्या मते सगळ्या वादाचं मूळ हेच: नाव ठेवायचं काम आयातदारावर, नावाचा अर्थ ठरवायचं काम दुसऱ्यावर, आणि मधल्या दिवसांचं भाडं पुन्हा आयातदारावर. भाचीचं म्हणणं त्याहून फार लांब नव्हतं. फक्त तिचा उपाय वेगळा होता: एक दर नको, पण कपड्यांवरचे नगामागचे आकडे काढा, आणि छोट्या आयातदाराला अग्रिम निर्णय पंधरा दिवसांत द्या. मामांना पहिला अर्धा भाग मान्य झाला. दुसऱ्यावर त्यांचा विश्वास बसेना.

शेवटी त्यांनी फोन उचलला आणि ढाक्याच्या एजंटला पाठवायचा मजकूर भाचीला लिहायला सांगितला. प्रत्येक नगाची वीण, दोन्ही दिशांचे टाके, सुताचं वजनी प्रमाण, खालच्या कडेचा फोटो, समोरची कुठली पट्टी वर येते त्याचा फोटो, कापड कुठल्या देशातून आलं त्याचा कागद. भाचीने सगळं लिहिलं. मग मामांनी स्वतः एक ओळ जोडायला सांगितली: पुढे शीर्षक बदलून मागणी आली तर फरक निर्यातदाराने द्यावा.

“ही अट कोणी मान्य करत नाही, मामा.”

“लिही तर खरं. नाही म्हणाले तर तिरुपूर आहेच. तिथल्या मालाला मला कुणी टाके मोजायला लावत नाही.”